संडे स्कूलची मुले वचन पाठ करतात. ती स्वतः काही घडवतात का?

काचेची पाटी (सदर, नागपूर) – धागा सुरू

सर्वांस सप्रेम सलाम.

मी गेली नऊ वर्षे नागपुरातील एका मराठी मंडळीत (चर्चमध्ये) संडे स्कूल घेत आहे. पाच ते चौदा वयाची तेवीस मुले, एकच खोली आणि उपासनेपूर्वीची पन्नास मिनिटे, एवढीच आमची सामग्री आहे. त्या पन्नास मिनिटांपैकी दहा हजेरी आणि गाण्यात जातात, पंधरा सुवर्णवचन, म्हणजे बायबलमधील निवडलेले वचन, पाठ करून घेण्यात, वीस गोष्ट सांगण्यात आणि उरलेली प्रार्थनेत. मागील महिन्यात जुने कपाट आवरताना नऊ वर्षांचे कागद हाती लागले, तेव्हा माझ्या लक्षात आले की त्यात मुलांनी स्वतः केलेले असे काहीच नाही. छापील चित्रांत भरलेले रंग आहेत आणि मेंढराच्या चित्रांवर चिकटवलेला कापूस आहे. विदर्भात कापसाला तोटा नाही, त्यामुळे मेंढरे गुबगुबीत झाली आहेत, परंतु सगळी एकाच साच्यातली आहेत.

उपवासकाळात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या दिवसांत, मी लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दाखला घेतला. धाकटा मुलगा आपला वाटा उधळून घरी परततो आणि बाप आनंदाने मेजवानी देतो. थोरला भाऊ शेतातून येतो, वाद्यांचा आवाज ऐकतो, रागावून बाहेरच थांबतो आणि बाप त्याची समजूत घालण्यासाठी बाहेर येतो, इथपर्यंत शास्त्र (बायबल) आपल्याला आणून सोडते. तो शेवटी आत गेला की नाही, हे तिथे लिहिलेले नाही. मी मुलांना कोरे कागद दिले आणि पुढे काय झाले असेल ते लिहायला किंवा काढायला सांगितले. बहुतेकांनी त्याला आत नेले. दहा वर्षांच्या एका मुलीने मात्र असे लिहिले की तो आत गेलाच नाही, म्हणून बाप एक ताट घेऊन बाहेर आला आणि दोघे अंगणात खाटेवर बसून जेवले.

मी तो कागद भिंतीवर लावला. पुढच्या रविवारी मंडळीतील दोन ज्येष्ठांनी पाळकसाहेबांकडे तक्रार केली की संडे स्कूलमध्ये शास्त्रात भर घालायला शिकवले जात आहे. मला त्यांचा राग आलेला नाही, परंतु प्रश्न मनातून जात नाही. मुलांना विश्वासात वाढवताना त्यांच्या कल्पनेला जागा किती द्यावी आणि ती कशी द्यावी? ज्यांनी हे काम केले आहे त्यांनी अनुभव लिहावेत, ही विनंती.

निवृत्त गुरुजी (जरीपटका)

ताई, तुमच्या कापसाच्या मेंढरांवर मी हसलो, कारण त्यांपैकी काही माझ्याही हातची असतील. तरीही पाठांतराची बाजू इथे कोणीतरी मांडली पाहिजे, म्हणून लिहितो.

मी मिशनच्या वसतिगृहात वाढलो. स्तोत्र २३, स्तोत्र १२१ आणि करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय आमच्याकडून इतक्या वेळा म्हणवून घेतला गेला, की त्या वयात त्याचा कंटाळाच अधिक होता. पुढे चाळीस वर्षांनी माझी पत्नी अतिदक्षता विभागात असताना मी रात्रभर बाहेरच्या बाकावर बसलो होतो. जवळ पुस्तक नव्हते, चष्मा घरी राहिला होता आणि स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करावी म्हटले तर शब्दच सुचत नव्हते. तेव्हा स्तोत्र १२१ आपोआप ओठांवर आले. त्या रात्री माझ्या उपयोगी पडले ते दुसऱ्याने रचलेले आणि माझ्याकडून सक्तीने घोकून घेतलेले शब्द होते. आजच्या मुलाच्या हाती कोरा कागद अवश्य द्यावा, परंतु एखाद्या रात्री त्याचा कागद कोराच राहिला, तर त्याच्या गाठीला काहीतरी असले पाहिजे.

पेटीचा सूर (मोहननगर)

गुरुजी, आपले म्हणणे मी डोळ्यांसमोर ठेवूनच लिहितो. पाठांतर आणि निर्मिती यांत आपण जे वैर मानतो ते शास्त्रात दिसत नाही. स्तोत्र ११९ पाहा. इब्री (हिब्रू) वर्णमालेची बावीस अक्षरे, प्रत्येक अक्षराची आठ वचने आणि प्रत्येक वचनाचा आरंभ त्याच अक्षराने, अशी एकूण १७६ वचने आहेत. अक्षरांच्या क्रमामुळे ते तोंडपाठ करणे सोपे जाते, आणि तरीही त्याची रचना एखाद्या निष्णात कारागिराची आहे. मी आमच्या मुलांना हे समजावून सांगितले आणि क, ख, ग यांवरून एकेक ओळ लिहायला लावली. ङ आणि ञ यांनी सर्वांना छळले, पण त्यामुळेच रचनेला किती कष्ट लागतात ते त्यांना कळले.

दुसरे उदाहरण बायबलमधील १ इतिहास या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायातले आहे. दावीद राजाने आसाफ, हेमान आणि यदूथून यांच्या घराण्यांना गायनवादनासाठी वेगळे केले. त्यांत परमेश्वराच्या गायनाचे शिक्षण घेतलेले आणि निपुण असे २८८ जण होते. त्यांच्या पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरल्या, आणि लहान असो की मोठा, गुरू असो की शिष्य, चिठ्ठी सर्वांना सारखीच होती. आपल्याकडे शिष्याच्या नावाची चिठ्ठी कधी टाकली जाते? हल्ली तर तयार ट्रॅक स्पीकरवर लावतात आणि मुले पडद्यावरचे शब्द पाहून त्यात आवाज मिसळतात. तबल्यावर बसायला कोणी मुलगा पुढे येत नाही, याचे आश्चर्य वाटायला नको.

आपल्या भाषेत तर ही परंपरा मोठी आहे. फादर स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. त्यांनी १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तपुराणात ख्रिस्ताची कथा ओवीत सांगितली, कारण इथल्या माणसाच्या कानाला ओवीची ओढ आहे हे त्यांनी ओळखले होते. नारायण वामन टिळकांचा ख्रिस्ती होण्यापूर्वीचा काही काळ आपल्या नागपुरातच गेला, आणि १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीतील एका सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी अभंग रचले, कीर्तने केली, आणि ख्रिस्तायन हे काव्य अपुरे ठेवून १९१९ मध्ये ते गेले. ते पूर्ण केले त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, ज्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या. शास्त्रावर लिहिण्यासाठी आधी विद्वान व्हावे लागते, असे म्हणणाऱ्यांनी एवढे तरी आठवावे.

म्हणून मी मुलांना ओवी शिकवली. तीन चरणांना यमक आणि चौथा चरण आखूड, एवढाच नियम सांगितला. येशूला पाहण्यासाठी उंबराच्या झाडावर चढलेल्या ठेंगू जकातदाराच्या, जक्कयाच्या, गोष्टीवर बारा वर्षांच्या एका मुलाने ही ओवी केली:

जक्कय ठेंगू चढे उंबरा ।
गावकरी म्हणती चोर हा खरा ।
येशू म्हणे उतर त्वरा ।
जेवू घाल ॥

आमच्या एका आजोबांनी तिथल्या तिथे चूक काढली, की झाड म्हणजे उंबर आणि उंबरा म्हणजे दाराचा उंबरठा, तेव्हा यमकासाठी तू जक्कयाला दारात चढवलेस. मुलगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, “मग येशू त्याच्या उंबऱ्यापर्यंत आला, असे समजा ना, आजोबा.” सर्वजण हसले. माझ्या मते त्या दिवशीचा उपदेश तेवढ्यात झाला होता.

सेवक (मंडळीचा पाळक)

मी स्वतः एका मंडळीत पाळकपण करतो, म्हणून तक्रार करणाऱ्या ज्येष्ठांची बाजू आधी समजून घेतो. त्यांची भीती अनाठायी नाही. त्यांच्या पिढीने शास्त्राचे पुस्तक जपून, कधी घरच्यांचा विरोध सोसून हाती धरले आहे, आणि त्या पुस्तकात काय आहे व काय नाही याविषयी ते दक्ष असतील तर तो त्यांचा गुणच आहे. मीही एकदा एका तरुणाला भर सभेत छातीठोकपणे सांगताना ऐकले आहे की बाळ येशूला भेटायला आलेले ज्ञानी लोक तीन होते आणि उंटावरून आले, कारण त्याने ते नाटकात पाहिले होते. मत्तयाने ना तीन हा आकडा दिला आहे, ना उंटाचा उल्लेख केला आहे. एकदा रंगमंचावर आलेली गोष्ट शास्त्रातून पुसणे फार कठीण जाते.

म्हणून ताईंना माझी सूचना अशी आहे. मुलांना कोरा कागद देण्यापूर्वी उतारा दोनदा मोठ्याने वाचावा, आणि मुलांनी आपापले लिहून झाल्यावर तोच उतारा पुन्हा एकदा वाचावा, म्हणजे शेवटचा आवाज शास्त्राचाच राहील. कागदाच्या वरच्या बाजूस “मला वाटते” हे दोन शब्द लिहायला लावावेत. आपण दर रविवारी उपासना संगीत या गीतपुस्तकातील जी गीते गातो, तीही कोणीतरी वचन वाचून दिलेली उत्तरेच आहेत, आणि त्यांना कोणी शास्त्रातील भर म्हणत नाही. त्या मुलीचा कागद त्याच जातीचा आहे.

आणखी एक गोष्ट मांडतो, जी मी अजून कधी उपदेशात घेतलेली नाही. देवाच्या आत्म्याने परिपूर्ण झालेला म्हणून शास्त्र ज्याचे नाव पहिल्यांदा सांगते, तो संदेष्टा नव्हता, राजाही नव्हता. तो बसालेल नावाचा कारागीर होता, सोन्यारुप्याचे काम, रत्नांना पैलू पाडणे आणि लाकडावर कोरणे यांत निपुण. हे निर्गम या पुस्तकाच्या एकतिसाव्या अध्यायात आहे. पुढे पस्तिसाव्या अध्यायात असेही म्हटले आहे की देवाने त्याच्या आणि अहलियाबाच्या मनात दुसऱ्यांना शिकवण्याची बुद्धीही घातली. म्हणजे निवासमंडपाची (देवाच्या उपासनेच्या तंबूची) जागा ही एका अर्थी कार्यशाळा होती, आणि तिथे शिकणाऱ्यांच्या हातून पहिल्या दिवशी टाके वाकडे पडले असणार.

स्पर्धा मात्र नकोत, ही विनंती. वचनपाठांतराला बक्षीस, चित्रकलेला बक्षीस, कॅरलला बक्षीस, यामुळे मुले देवाच्या घरातही परीक्षेलाच बसतात.

मधला बाक (धरमपेठ)

सर्व चर्चा वाचली. कोणी मूळ अडचण बोललेच नाही. आमच्या मंडळीतील निम्म्याहून अधिक मुले इंग्रजी माध्यमात शिकतात, घरी मराठी, रस्त्यावर हिंदी बोलतात, आणि त्यांना मराठी शास्त्र अडखळत वाचता येते. “नीतिमान”, “तारण”, “पापनिवेदन” हे शब्द त्यांना परके आहेत. ओवी दूरच राहिली. आधी त्यांच्या शेजारी बसून दररोज पाच वचने वाचणारे कोणी घरी आहे का, हे विचारा. पौलाचा शिष्य तीमथ्य याला विश्वास मिळाला तो आजी लोइस आणि आई युनीके यांच्याकडून, कार्यशाळेतून नव्हे.

लाकडी मेंढरू (सदर)

मी कॅथलिक आहे, परंतु हा प्रश्न आमच्याकडेही तोच आहे, म्हणून इथे लिहिण्याचे धाडस करतो. पहिल्या कम्युनियनच्या तयारीत आमच्याकडे प्रश्नोत्तरांच्या रूपातील धर्मशिक्षण पाठ करण्यावर भर असे, आणि अजूनही पुष्कळ ठिकाणी तो तसाच आहे.

रोममध्ये १९५४ मध्ये सोफिया कवालेत्ती या शास्त्र-अभ्यासक बाईंनी माँटेसरी पद्धतीच्या एका शिक्षिकेला सोबत घेऊन लहान मुलांसाठी धर्मशिक्षणाची एक वेगळी रीत सुरू केली, जी पुढे अनेक देशांत पोहोचली. तिच्यात चांगल्या मेंढपाळाचा दाखला मध्यवर्ती आहे. शिक्षक दाखला थोडक्यात सांगतो, लाकडाचा मेंढपाळ, मेंढरे आणि कुंपण यांनी तो मांडून दाखवतो आणि मग बाजूला होतो. त्यानंतर मूल एकटे बसून तीच मेंढरे हवी तितक्या वेळा बाहेर नेते आणि आत आणते. शिक्षक मधे बोलत नाही, अर्थ सांगत नाही. तात्पर्य चटकन हाती दिले की मुलाचे शोधणे तिथेच थांबते, असा त्यामागचा विचार आहे. गोष्ट संपताच “तर मुलांनो, यावरून आपण काय शिकलो?” असे विचारण्याची मला इतकी सवय होती की पहिले काही रविवार मला जीभ चावून बसावे लागले.

मेंढरांसाठी मी तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल करणाऱ्या एका सुतारकाकांकडे गेलो. त्यांनी आयुष्यभर बैलच केलेले असल्यामुळे त्यांची दहाही मेंढरे शिंगे काढलेल्या बैलांसारखी दिसतात आणि त्यांपैकी दोघांना वशिंडही आहे. मुलांना त्याचे काही वाटत नाही. वशिंड असलेले एक मेंढरू दर वेळी हरवते, असे त्यांनी परस्पर ठरवून टाकले आहे.

तिसरा मेंढपाळ

मी एकोणीस वर्षांचा आहे आणि या धाग्यावर बहुधा सर्वांत लहान आहे. मंडळीच्या नाताळच्या नाटकात मी सलग सात वर्षे मेंढपाळ होतो, त्यातली पाच वर्षे तिसरा मेंढपाळ. डोक्याला चौकड्यांचा टॉवेल बांधून “चला, आपण बेथलेहेमास जाऊ” हे एक वाक्य मला म्हणायचे असे. ते वाक्य मला अजून पाठ आहे, परंतु तो मेंढपाळ परत आल्यावर त्याच्या मेंढरांचे काय झाले होते, हा माझा प्रश्न कोणी ऐकून घेतला नाही. मला सांगण्यात आले की असे फाटे फोडू नयेत.

आता मी डिझाइन शिकतो. मंडळीला माझी आठवण होते ती फ्लेक्स करून हवा असतो तेव्हा किंवा प्रोजेक्टर बंद पडतो तेव्हा. मी ते काम आनंदाने करतो, पण माझ्या कलेतून माझा विश्वास कसा वाढावा, हे मला कोणी विचारलेले नाही. फ्लेक्सवर येशूचे चित्र कोणते हवे, हेही ठरलेले असते: निळे डोळे, सोनेरी केस. गोव्यात जन्मलेले आणि १९६७ मध्ये निवर्तलेले अँजेलो द फोन्सेका हे चित्रकार पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले आणि त्यांनी मरियेला साडीत रंगवले. ते शांतिनिकेतनात शिकले होते. मला त्यांचे नाव मंडळीत नव्हे, कॉलेजच्या ग्रंथालयात कळले. येशू यहूदी होता, त्यामुळे त्याला मराठी दाखवणे हेही ऐतिहासिक नाही, हे मला समजते. परंतु मग निळ्या डोळ्यांचा आग्रह का, एवढेच विचारायचे आहे.

निवृत्त गुरुजी (जरीपटका)

बाळा, त्या टॉवेलाबद्दल मी तुझी माफी मागतो. आमच्या मंडळीत तो टॉवेल मीच बांधत असे. मेंढरांचा तुझा प्रश्न मी पंचाऐंशी वर्षांच्या माझ्या थोरल्या भावाला विचारला. लहानपणी त्याने शेळ्या राखल्या आहेत. तो म्हणाला, “एकाला मागे ठेवल्याशिवाय कोणी जात नाही.” मग मागे राहिलेल्याने काय पाहिले, यावर आम्ही दोघे तासभर बोललो.

वाकळ (अजनी)

मी मंडळीच्या महिला मंडळात आहे. पाळकसाहेबांनी बसालेलाचे सांगितले, पण त्याच पस्तिसाव्या अध्यायात सूत कातून आणणाऱ्या बायकाही आहेत, त्या राहून गेल्या. निळे, जांभळे आणि किरमिजी सूत त्यांनी स्वतःच्या हातांनी कातले. पुढे लोकांनी इतके साहित्य आणले की पुरे झाले, आता आणू नका, असे मोशेला जाहीर करावे लागले. आमच्या मंडळीत अशी घोषणा ऐकायला मिळाली तर मी साक्षीला उभी राहीन.

आम्ही मागील पावसाळ्यात मुलांना सोबत घेऊन जुन्या साड्यांची एक वाकळ शिवली. प्रत्येक आजीने एका मुलाबरोबर एक चौकोन करायचा आणि त्यात शास्त्रातील एक प्रसंग टाक्यांनी दाखवायचा, असे ठरले. शिवताना हात गुंतलेले असतात आणि तोंड मोकळे असते, त्यामुळे जे वर्गात होत नाही ते बोलणे तिथे झाले. देवापासून पळालेल्या योनाला गिळणारा मासा शिवताना एका मुलीने आजीला विचारले की तुम्हाला कधी देवापासून पळून जावेसे वाटले का. आजीने सुई खाली ठेवली आणि उत्तर दिले. ते उत्तर मी इथे लिहिणार नाही.

यहोशवाच्या पुस्तकात यार्देन नदीतून बारा धोंडे आणून उभे केले, ते पुढे मुलांनी “हे धोंडे कशाचे?” असे विचारावे म्हणून. वल्हांडण या यहूदी सणाचेही तसेच आहे. मुलाने प्रश्न विचारावा म्हणून आधी डोळ्यांसमोर काहीतरी ठेवलेले असते. आमची वाकळ आता वेदीच्या बाजूला टांगली आहे, आणि मराठी वाचताना अडखळणारी मुलेही तिच्यापाशी थांबतात, हे धरमपेठच्या दादांना मुद्दाम कळवते.

दंडारीचा नाद (मूळ गडचिरोली, सध्या नागपूर)

नाताळच्या नाटकाविषयी एकच सुचवतो. आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दंडार हा लोकनाट्याचा प्रकार आहे. तिच्यात गाणे, नाच आणि सोंग एकत्र येते, आणि पात्रांना जागच्या जागी बोलण्याची मुभा असते. मुलांना छापील संवाद न देता प्रसंग समजावून द्यावेत आणि बोलणे त्यांच्यावर सोडावे. गावाकडच्या मंडळीत आम्ही हे केले. दुष्ट हेरोद राजा होण्यासाठी सर्वांत मोठी रांग लागली, ही गोष्ट चिंतेची आहे की नैसर्गिक, ते पाळकसाहेबांनी ठरवावे. धर्मशाळेत जागा नाही असे सांगायचे होते त्या मुलाला मात्र मरियेकडे पाहून ते बोलवेना. तो म्हणाला, “थांबा, आईला विचारून येतो.”

काचेची पाटी (सदर)

सर्वांचे मनापासून आभार. काय झाले ते कळवते.

आमच्या पाळकसाहेबांनी काल तक्रार करणाऱ्या दोन्ही ज्येष्ठांना आणि मला बसवून घेतले. मी “सेवक” यांची सूचना मांडली, की उतारा आधी दोनदा आणि नंतर एकदा वाचायचा आणि कागदावर “मला वाटते” लिहायचे. गुरुजींचे म्हणणेही मांडले, आणि सुवर्णवचनाची पंधरा मिनिटे तशीच राहतील असे सांगितले. वेळ काढायचा तो गोष्टीनंतरच्या माझ्या तात्पर्यातून, असे मी कबूल केले. ते ऐकून पाळकसाहेब हसले. महिन्यातून एक रविवार अशा वर्गासाठी मिळाला आहे.

ज्येष्ठांपैकी एकांनी तो भिंतीवरचा कागद मागवून घेतला आणि चष्मा लावून दोनदा वाचला. मग ते वर्गात गेले आणि त्या मुलीला विचारले, “बापाने एकच ताट का आणले? माणसे तर दोन होती.” ती म्हणाली, “दोन आणली असती तर तो वेगळा बसला असता ना.” त्यांनी कागद घडी न घालता परत दिला आणि तो पुन्हा होता तिथे लावायला सांगितले.

पहिला वर्ग पुढच्या रविवारी सकाळी साडेसातला, उन्हे चढण्यापूर्वी. वाकळताई, तुम्ही दोन आजींना घेऊन येऊ शकाल का? सुया आणि दोरा माझ्याकडे आहे, जुन्या साड्या मात्र लागतील. आणि तिसऱ्या मेंढपाळाने जमल्यास यावे. फ्लेक्सचे काम नाही; मेंढरांपाशी कोण थांबले होते, हा प्रश्न त्यानेच मुलांना विचारावा, असे मला वाटते.

तिसरा मेंढपाळ

येतो, ताई. टॉवेल आणणार नाही.